ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यातले जादा फायदे: यादी अकरांची, हातात किती?

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 71 वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. आई 67, डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू असल्याचं सांगितलंय. एजंटनं दोन पॉलिसी समोर ठेवल्यात, दोन्ही 5 लाखांच्या. पहिलीच्या माहितीपत्रकात दाखवण्यासारखं फार काही नाही. पण को-पे (मंजूर बिलातला आपण भरायचा वाटा) नाही आणि खोलीभाड्याला मर्यादा नाही. दुसरी वर्षाला 11,000 रुपयांनी स्वस्त, आणि वर अकरा जादा फायदे: मोफत वार्षिक तपासणी, ओपीडी, रिस्टोअर, बोनस, घरी उपचार, रोजचा हॉस्पिटल भत्ता, रुग्णवाहिका वगैरे. मात्र 20% को-पे आणि खोलीभाडं विमा रकमेच्या 1%. विचारलंय असं की, एवढे फायदे सोडून महागडी साधी पॉलिसी का घ्यायची?

आधी उत्तर देतो, मग कारणं. पहिली घ्या.

मी बरीच वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली आहेत. आधी टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, बिलं तपासायचो, आता लोकांच्या बाजूला बसून तीच बिलं वाचतो. विकणारा माणूस पॉलिसी पहिल्या पानापासून दाखवतो. क्लेमवाला शेवटून वाचत येतो: मर्यादांचा तक्ता, अटी, वगळलेल्या गोष्टी आणि सगळ्यात शेवटी फायदे. म्हणूनच एकाच पॉलिसीबद्दल दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोघंही खरं बोलत असतात. जादा फायदा असतोच, खोटा नसतो. पण तो किती रकमेपर्यंत, वर्षातून कितीदा, कोणत्या परिस्थितीत आणि कोणाकडून घेतला तर मिळेल, हे माहितीपत्रकात मावत नाही.

तुमच्या दुसऱ्या पॉलिसीवर एक बिल चालवून बघू. समजा वडील न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. अपघात असल्यामुळे प्रतीक्षा काळाचा, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक आजारांसाठी थांबावं लागतं त्या मुदतीचा, प्रश्न नाही. चार दिवस दाखल. पॉलिसीला रोज 5,000 ची खोली मंजूर आहे, पण ती रिकामी नव्हती किंवा तुम्हालाच वाटलं की बाबांना शांतता हवी, म्हणून 8,000 ची घेतली. बिल असं:

खोली 32,000. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी मिळून 1,20,000. औषधं 40,000. इम्प्लांट 70,000. एक्स-रे, रक्ततपासण्या वगैरे 18,000. हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क असल्या विम्यात न बसणाऱ्या गोष्टी 9,000. एकूण 2,89,000.

आता कात्री. खोलीचे 5,000 प्रमाणे चार दिवसांचे 20,000 मंजूर. इथवर सगळ्यांना कळतं. पुढचं कळत नाही. खोली मंजूर दरापेक्षा वरची घेतली की सर्जन, थिएटर, नर्सिंग यांचं शुल्कही त्याच प्रमाणात, म्हणजे आठातले पाच भाग, मंजूर होतं. 1,20,000 चे 75,000 झाले. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, तसा विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा नियम आहे. त्यामुळे ते 1,28,000 पूर्ण धरले. 9,000 गेले. बेरीज 2,23,000. त्यावर 20% को-पे, 44,600. कंपनी देणार 1,78,400. तुमच्या खिशातून 1,10,600.

आणि याच क्लेममध्ये जादा फायद्यांनी काय दिलं? रोजचा भत्ता 1,000, त्यातला पहिला दिवस वजा, म्हणून 3,000. रुग्णवाहिकेचे 2,000. झाले 5,000. खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे या दोन ओळींनी मिळून 1,01,600 नेले. वर्षाला वाचणारे 11,000 असे नऊ वर्षं साठवले तर एका पडण्याची भरपाई होईल.

या हिशेबात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती सांगून ठेवतो, कारण डिस्चार्जच्या गडबडीत कोणी सांगत नाही. ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे डॉक्टरांचे दर बदलत नाहीत, तिथे ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या शुल्कावरही नाही. औषधांच्या बिलाला आठातले पाच लावलेलं सेटलमेंट पत्र मी अजूनही अधूनमधून बघतो. कधी चूक असते, कधी घाई. लेखी हरकत घेतली की बहुतेकदा सुधारतात. हरकत घेण्यासाठी मात्र बिलाचे तुकडे वेगळे दिसायला हवेत. म्हणून डिस्चार्जच्या वेळी एकरकमी आकडा असलेलं बिल घेऊ नका, तपशीलवार मागा.

आता अकरापैकी एकेक.

रिस्टोअर, म्हणजे विमा रक्कम संपली तर कंपनी ती पुन्हा भरून देते. ऐकायला सर्वांत भारी हाच. 5 लाखांत 10 लाख, असं विकतात. तक्त्यात तीन गोष्टी शोधा. एक, मूळ रक्कम पूर्ण संपल्यावरच रिस्टोअर जागं होतं की थोडी वापरली तरी? दोन, त्याच आजारासाठी चालतं की फक्त वेगळ्या, असंबंधित आजारासाठी? तीन, त्याच क्लेममध्ये वापरता येतं की पुढच्या क्लेमपासून? समजा एप्रिलमध्ये वडिलांच्या अँजिओप्लास्टीत 4,20,000 गेले. ऑगस्टमध्ये पुन्हा हृदयाचाच त्रास, बिल 3,00,000. शिल्लक 80,000. ‘असंबंधित आजार’ असं लिहिलेल्या पॉलिसीत 80,000 मिळतील आणि रिस्टोअर तसंच पडून राहील. ‘पूर्ण संपल्यावर, पुढच्या क्लेमपासून’ अशा पॉलिसीतही तेच.

तरुण माणसाच्या बाबतीत ही अट फारशी टोचत नाही. या वर्षी डेंग्यू, पुढे कधीतरी अपेंडिक्स. एकमेकांशी संबंध नाही. सत्तरीत आजार एकमेकांचे नातेवाईक असतात. मधुमेहातून मूत्रपिंड, मधुमेहातून पायाची जखम, रक्तदाबातून हृदय. मग ‘संबंधित’ कशाला म्हणायचं यावर वाद होतो. तो वाद हॉस्पिटलच्या कॅशलेस खिडकीशी उभं राहून जिंकता येत नाही. रिस्टोअर हवंच असेल तर ‘त्याच आजारासाठीही’ आणि ‘अंशतः वापरली तरी’ हे दोन शब्दप्रयोग पॉलिसीत लिहिलेले दिसले पाहिजेत. एजंटच्या तोंडचे नकोत.

बोनस. क्लेम न केलेल्या वर्षामागे विमा रक्कम वाढते. चांगली गोष्ट आहे. पण बहुतेक पॉलिसीत खोलीभाडं, मोतीबिंदू वगैरेंच्या टक्केवारीतल्या मर्यादा मूळ विमा रकमेवर मोजतात, बोनससकट वाढलेल्या रकमेवर नाही. 5 लाखांचे बोनसनं साडेसात लाख झाले तरी खोली 5,000 चीच. शिवाय ज्या वयात वर्षा-दोन वर्षांनी एखादा क्लेम होणार, त्या वयात ‘क्लेम न केल्यास’ या अटीवरचा फायदा किती वर्षं टिकेल, याचा अंदाज तुम्हीच करा. क्लेम झाल्यावर बोनस जितका वाढला तितकाच उतरतो की तसाच राहतो, हेही विचारा. दोन्ही प्रकार बाजारात आहेत.

मोतीबिंदूवर जरा थांबतो, कारण आईंचा प्रश्न तोच आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत तो नेहमी असतो. नियामकानं शब्दन्‌शब्द ठरवून दिलेली आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी 1 एप्रिल 2020 पासून आहे. तिच्यात मोतीबिंदूला प्रत्येक डोळ्यामागे विमा रकमेच्या 25% किंवा 40,000 रुपये, यांतली कमी असेल ती मर्यादा. म्हणजे विमा 1 लाखाचा असेल तर 25,000. 5 लाखांचा असला तरी सव्वा लाख मिळणार नाहीत, 40,000 च. त्यावर 5% को-पे. शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टर तीन-चार प्रकारच्या लेन्सचा तक्ता समोर धरतात. घरच्यांना वाटतं विमा आहे, चांगली बसवूया. बिल 85,000 होतं. विम्यातून 38,000 येतात. इथे कंपनीनं फसवलं असं मला म्हणता येत नाही, मर्यादा लिहिलेली होती. पण लेन्स निवडायच्या आधी ती कोणी वाचून दाखवली असती तर निवड निदान डोळे उघडे ठेवून झाली असती.

आईंच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. मोतीबिंदूला साधारणपणे 24 महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो. पण डॉक्टरांनी तो पॉलिसी घेण्याआधीच कागदावर लिहिला असेल, तर तो ‘आधीपासूनचा आजार’ ठरतो. त्याचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो आणि दोन्ही लागू होत असतील तर मोठा धरतात. म्हणजे ‘दोन वर्षांनी करून घेऊ’ हा हिशेब तीन वर्षांवर जाऊ शकतो. लपवायचा विचार मात्र मनातही आणू नका. त्या डॉक्टरांच्या केसपेपरवरची तारीख क्लेमच्या वेळी सगळ्यांत आधी मागवली जाते. सलग 60 महिने पॉलिसी चालल्यावर न सांगितलेल्या गोष्टीवरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. त्याच्या आधीची पाच वर्षं मात्र तुमचीच परीक्षा असते.

ओपीडी म्हणजे दाखल न होता डॉक्टरांना दाखवणं, तपासण्या, औषधं. ज्येष्ठांचा खरा महिन्याचा खर्च हाच, म्हणून हा फायदा हमखास भुलवतो. तुमच्या पत्रात ओपीडीची मर्यादा वर्षाला 5,000 दिली आहे. बघा, त्यातही एका भेटीला किती, औषधांना वेगळी मर्यादा आहे का, आणि कंपनीच्या अ‍ॅपवरच्याच डॉक्टरांकडे जावं लागतं का. वडील वीस वर्षं ज्या डॉक्टरांकडे जातात ते त्या यादीत नसतील तर वडील डॉक्टर बदलणार नाहीत. मग 5,000 कागदावर राहतील आणि वर्षअखेरीला संपतील, कारण न वापरलेली ओपीडी बहुतेक ठिकाणी पुढच्या वर्षी जात नाही. वेगळा प्रीमियम भरून 5,000 ची ओपीडी घ्यायची म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. कंपनीला ठाऊक असतं की हा खर्च नक्की होणार. नक्की होणाऱ्या खर्चाचा विमा स्वस्त कसा असेल?

वार्षिक तपासणी: घ्या, पण तिच्यासाठी पॉलिसी निवडू नका. ठरलेल्या तपासण्यांची यादी असते, ठरलेल्या केंद्रातच होते, काही पॉलिसीत दर वर्षी तर काहींत काही वर्षं क्लेम नसेल तरच. तपासणीत साखर जास्त निघाली तर पुढे पॉलिसी बंद करतील का, असं बरेच जण विचारतात. पॉलिसीच्या काळात नव्यानं उद्भवलेल्या आजारावरून किंवा क्लेम केला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. निर्धास्त तपासून घ्या.

‘घरी उपचार’ या दोन शब्दांनी जेवढा गैरसमज केला आहे तेवढा बाकीच्या दहांनी मिळून केला नसेल. घरच्यांना वाटतं, बाबा अंथरुणाला खिळले तर विमा आया किंवा नर्सचे पैसे देईल. देणार नाही. पॉलिसीत याचे दोन वेगळे प्रकार असतात. एक, रुग्णाला हॉस्पिटलात हलवणंच शक्य नाही किंवा तिथे जागा नाही, म्हणून जे उपचार हॉस्पिटलात झाले असते ते घरी झाले. याला सहसा किमान तीन दिवसांची अट असते आणि दमा, मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी असे बरेच आजार त्यातून वगळलेले असतात. म्हणजे तुमच्या वडिलांना जे आहे नेमकं तेच. दुसरा प्रकार, केमोथेरपीसारखे काही ठरावीक उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी घेणं. त्याला कंपनीची आधी मंजुरी लागते. दोन्हींत ‘सक्रिय उपचार’ हवेत. भरवणं, आंघोळ, कूस बदलणं याला विम्याच्या भाषेत नुसती देखभाल म्हणतात आणि तिचे पैसे मिळत नाहीत.

खुब्याच्या ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी मात्र मिळू शकते. ती ‘हॉस्पिटलनंतरचा खर्च’ या खात्यात बसते, फायद्यांच्या यादीत नाही, म्हणून लोक मागायलाच विसरतात. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी ती लिहिलेली हवी, त्याच दुखण्यासाठी हवी, आणि ठरलेल्या मुदतीत झालेली हवी. आरोग्य संजीवनीत ही मुदत 60 दिवस आहे. एका मावशींचे या खात्यातले 14,000 केवळ एका ओळीमुळे अडकले होते. डॉक्टरांनी ‘व्यायाम करावा’ लिहिलं होतं, ‘फिजिओथेरपी’ लिहिलं नव्हतं. त्याच डॉक्टरांकडून दुरुस्त पत्र आणल्यावर मिळाले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, डिस्चार्ज कार्ड हातात आलं की घरी जायच्या आधी वाचा. डॉक्टर तोपर्यंतच सापडतात.

रोजचा भत्ता वर पाहिलाच. त्यात एवढंच जोडतो की 24 तासांच्या आत घरी सोडणाऱ्या उपचारांत, म्हणजे मोतीबिंदू, डायलिसिस यांत, तो सहसा शून्य असतो. रुग्णवाहिका दाखल झालात तरच, आणि नेण्याची. घरी परत आणण्याची नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत, योगाचे गुण, चालण्याची पावलं मोजून प्रीमियममध्ये सवलत, हे सगळं मिळालं तर घ्या. सत्तरीतल्या माणसानं अ‍ॅपमध्ये रोज 10,000 पावलं भरली तर मला त्यांचा फोटो पाठवा.

आयुर्वेदाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आईंना पंचकर्म आवडतं असं लिहिलंय म्हणून. नियामकानं आयुष उपचार इतर उपचारांच्या बरोबरीनं धरायला कंपन्यांना सांगितलं आहे. तरी पायाची अट तीच: आजारासाठी, मान्यताप्राप्त आयुष रुग्णालयात, दाखल होऊन. तब्येत ताजीतवानी करायला केलेलं पंचकर्म त्यात येत नाही.

आता असे फायदे, ज्यांना मी पैसे मोजीन. हे माहितीपत्रकात बारीक टाइपात असतात, कारण त्यांचं चित्र काढता येत नाही. पहिला, को-पे माफ करणारा. दुसरा, खोलीभाड्याची मर्यादा काढणारा किंवा ‘साधी एकट्याची खोली’ असं लिहून देणारा. रुपयांतली मर्यादा दर वर्षी महागाईत झिजते, ‘एकट्याची खोली’ झिजत नाही. तिसरा, हातमोजे, मास्क, डायपर वगैरे उपभोग्य वस्तूंचा. विम्यात न बसणाऱ्या अशा 68 वस्तूंची यादी नियामकाच्या नियमांतच आहे आणि लांबलेल्या आयसीयूत या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंचा आकडा बघून माणूस गप्प होतो. चौथा, आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ कमी करणारा. 71 व्या वर्षी तीन वर्षं थांबणं आणि 41 व्या वर्षी थांबणं एक नाही. तुमच्या वडिलांसाठी मधुमेह-रक्तदाबाचा प्रतीक्षा काळ कमी करून मिळत असेल तर या यादीत मी तो सगळ्यात वर ठेवीन.

झोनचं एक बघा. काही कंपन्या शहरांप्रमाणे प्रीमियमचे गट करतात. आई-बाबा तालुक्याच्या गावी राहतात म्हणून स्वस्त गटातला प्रीमियम भरला, आणि मोठं ऑपरेशन मुंबई-पुण्यात केलं, तर जादा को-पे लागू शकतो. हृदय, मेंदू, कॅन्सर यांसाठी शेवटी माणूस मोठ्या शहरातच जातो. 20% च्या वर हा आणखी आला तर दुष्काळात तेरावा महिना.

वडील 71 चे आहेत, म्हणजे विम्याशिवाय त्यांच्यासाठी आणखी एक दार उघडं आहे. आयुष्मान भारतचा विस्तार 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी झाला, उत्पन्नाची अट नाही. आधार दाखवून आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. खासगी विमा असला तरी चालतं. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असेल तर मात्र दोहोंतली एक निवडावी लागते. मर्यादा इथेही आहेत: वर्षाला 5 लाख, आणि घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर दोघांत मिळून; दाखल झाल्यावरचाच खर्च, ओपीडी नाही; आणि योजनेत नोंदलेलं हॉस्पिटल. तुमच्या जवळचं कोणतं हॉस्पिटल कोणत्या उपचारासाठी नोंदलेलं आहे ते आजच बघून वहीत लिहून ठेवा. पण प्रतीक्षा काळ नाही. मधुमेह-रक्तदाबाशी जोडलेल्या दुखण्यांसाठी पॉलिसीचे पहिले महिने कोरडे जाणार असतील, तेव्हा हे कार्ड कामाचं. आई 67 च्या आहेत, त्यांना अजून तीन वर्षं आहेत.

प्रीमियमचं गणित करताना दोन गोष्टी ताज्या ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही. एजंटचं कोटेशन जुनं असेल तर त्यात 18% जादा दिसत असेल, नवं मागा. आणि जानेवारी 2025 मध्ये नियामकानं सांगितलंय की ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला 10% पेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीनं आधी नियामकाशी सल्लामसलत करावी. म्हणजे वाढ होणारच नाही असं नाही, पण एका वर्षात दुप्पट होण्याची भीती बाळगून आज चुकीची पॉलिसी घ्यायचं कारण नाही.

सही करण्याआधी एजंटकडे ‘कस्टमर इन्फॉर्मेशन शीट’ मागा. दोन-तीन पानांची असते आणि ती देणं कंपनीला बंधनकारक आहे. मराठीत हवी असल्यास तशी मागता येते. त्यात उपमर्यादा, को-पे, प्रतीक्षा काळ एका जागी असतात. पेन्सिलनं खोलीभाडं आणि को-पेच्या ओळींभोवती गोल करा आणि मी वर मांडलेलं 2,89,000 चं बिल दोन्ही पॉलिसींवर स्वतः चालवून बघा. पहिल्या पॉलिसीत 2,80,000 मिळतील, 9,000 तुमचे. ज्या फायद्याबद्दल शंका असेल तो कंपनीच्या ई-मेलवर उदाहरणासकट विचारा: ‘विमाधारकाचं वय 71, चार दिवस दाखल, खोली 8,000 ची, तर सर्जनच्या शुल्कातले किती मिळतील?’ असा सरळ आकड्यांचा प्रश्न. उत्तर लेखी आलं की जपून ठेवा. एजंटनं फोनवर दिलेल्या उत्तराचा क्लेमच्या वेळी उपयोग नसतो, मग तो तुमचा सख्खा चुलतभाऊ का असेना.

तुम्ही शेवटी विचारलंय की दुसरी पॉलिसी घाईत ऑनलाइन घेऊन टाकली असेल तर? मग पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस आहेत. त्या मुदतीत आणि क्लेम केला नसेल तर ती परत करता येते. वैद्यकीय तपासणीचा, मुद्रांकाचा आणि विमा चालू असलेल्या दिवसांचा खर्च वजा होऊन पैसे परत मिळतात. फक्त एक करा, पहिल्या कंपनीनं वडिलांचा मधुमेह बघून स्वीकारलं असल्याचं लेखी येईपर्यंत दुसरी परत करू नका. 30 दिवस उलटून गेले असतील तर वर्षभर चालू द्या आणि नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी पोर्टिंगचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा, अर्ज करा. प्रतीक्षा काळातलं सरलेलं वर्ष सोबत येतं. बोनस सोडला तर बाकीचे जादा फायदे मात्र मागेच राहतात.

आणि दोघांची एकत्र की वेगळी? वेगळी. एकत्र पॉलिसीत 5 लाख दोघांचे असतात आणि प्रीमियम सहसा थोरल्याच्या वयावर ठरतो. वडिलांचं एक मोठं आजारपण आईंच्या वर्षाचं संरक्षण खाऊन टाकतं. आईंची 67 व्या वर्षी वेगळी घ्या. मोतीबिंदूचा कागद अर्जासोबत जोडा, आणि त्यांचा प्रतीक्षा काळ आजपासूनच सरायला लागू दे.